तिसरा हिस्सा

राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी झाले आणि अवघ्या चार आठवड्यांनी, २० फेब्रुवारीस, त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात केला. बडोदेकर मराठी माणूस ही हकीकत अभिमानाने सांगतो. आम्हीही सांगत आलो आहोत. परंतु आयुष्याचा मोठा भाग सरकारी जमाखर्चात गेल्यामुळे या अभिमानामागचा एक रुक्ष प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. कलेचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, तेव्हा ज्यांच्या करातून ती तिजोरी भरते त्यांच्या पदरी काय पडते?

मराठी नाटकाचा जन्म राजाश्रयात झाला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने व आधाराने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि तो आधार तुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. मर्जी राजाबरोबर जाते, हा यातला पहिला धडा. तिकिटावर नाटक जगते खरे, पण ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत तो मांडवाबाहेरच राहतो, हा दुसरा.

बडोद्यात या दोहोंच्या मधली वाट काढण्याचा यत्न झाला. सयाजीराव महाराजांना १८८१ साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा गवई, वादक आणि नर्तकी दरबारी इतमामाचा भाग होत्या. १८८० च्या विवाहाबरोबर तंजावरहून आलेल्या नर्तकींचीही त्यांत भर पडली होती. महाराजांनी या मंडळींना खात्याच्या शिस्तीत आणले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलावंत खात्याचे लेखी नियम झाले; हजेरी, रजा, दंड यांची कलमे त्यांत आली. मानी उस्तादांना ही कारकुनी जाचक वाटली असल्यास नवल नाही. मात्र त्यामागील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे : खजिन्यातून वेतन जाते, तेव्हा कलावंत एका व्यक्तीचा आश्रित न राहता राज्याचा सेवक होतो.

याच विचाराची दुसरी बाजू म्हणजे १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा. घराण्याच्या उंबरठ्याआड असलेली विद्या, स्वरलिपीच्या साहाय्याने, सामान्य घरांतील मुलांना वर्गात बसून शिकता येऊ लागली. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले व ही परंपरा त्यात सामावली गेली. दरबार गेला, पण संस्था राहिली, कारण तिची मुळे मर्जीत नव्हती.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र ग्रंथालयांचे उदाहरण. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून महाराजांनी राज्यभर वाचनालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. आणि जिथे वाचनालय हवे होते तिथे हिशेब साधा होता : खर्चाचा एक हिस्सा गावाने वर्गणीतून उभा करावा, दुसरा प्रांत पंचायतीने द्यावा, तिसरा सरकारने. गावाने हात हलवला नाही, तर सरकारचाही हात हलत नसे. या अटीमुळे वाचनालय हे सरकारचे दान न ठरता गावाची मालमत्ता ठरले.

नाटकाला असे सूत्र लाभले नाही. मंडळ्यांना आश्रय मिळाला, पण नाट्यगृहाबाहेर, शाळेत वा वस्तीत, नाटक पोहोचवण्याची फिरती पेटी कोणी बांधली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये दिल्लीस संगीत नाटक अकादमी झाली, १९५४ मध्ये मुंबई राज्याची नाट्यस्पर्धा सुरू झाली, १९७० मध्ये गोव्यात कला अकादमी स्थापन झाली. या उपक्रमांनी हौशी रंगभूमी जगवली, यात शंका नाही. तथापि साहाय्याचे मोजमाप बहुधा प्रयोगावर राहिले. सेवेत असताना अनुदानाच्या ज्या फायली आमच्या हातांखालून गेल्या, त्यांत नेपथ्य, प्रकाशयोजना, नाट्यगृहाचे भाडे यांचे रकाने होते. मुलांच्या शिबिराला, शाळेतील नाट्यवाचनाला किंवा वस्तीतील पथनाट्याला रकाना नसे. अशा खर्चावर ‘इतर’ असा शेरा मारून तो नामंजूर करताना आम्हीच सही केली आहे. नियमांप्रमाणे ती बरोबर होती. आज तिची रुखरुख वाटते.

रुखरुखीचे कारण घरातच आहे. आपल्या जुन्या घराण्यांतील नातवंडे घरी मराठी बोलतात, पण संहिता हाती दिली तर बाळबोध अक्षरांवर अडखळतात. नाटक बसवायचे तर नट पन्नाशीचे आणि प्रेक्षक सत्तरीचे. अशा वेळी आणखी एका प्रयोगाचे अनुदान मिळाले, तरी दिवा विझताना काजळी झाडल्यासारखेच होईल. पैसा लागतो तो पुढची पिढी मंचापर्यंत आणण्यासाठी.

यावर उपाय म्हणून आम्ही तिसऱ्या हिश्श्याचे जुने सूत्रच सुचवतो. मंडळांनी मुलांच्या नाट्यशिबिरांसाठी स्वतःच्या वर्गणीतून एक हिस्सा आधी बाजूला काढावा, आणि मगच महानगरपालिकेकडे व राज्य सरकारकडे उरलेल्या दोन हिश्श्यांसाठी अर्ज करावा. मात्र त्या शिबिराचे दार शेजारच्या गुजराती, सिंधी वा मुसलमान मुलांनाही उघडे हवे, कारण करदाते तेही आहेत. मराठी मुलांपुरतेच शिबिर भरवून सार्वजनिक निधी मागणे न्यायाचे नाही, आणि सयाजीरावांच्या नगरीला शोभणारेही नाही. शेजारची मुले आली तर आपली भाषा त्यांच्याही कानी पडेल, हा लाभ वेगळाच.

महाराजांच्या नावाने आपण जयंत्या साजऱ्या करतो, हार घालतो. त्यांनी गावाकडून आधी मागितलेला पहिला हिस्सा मात्र अजून आपल्याकडूनच येणे आहे.