दुखणं लपवण्याचा इतिहास

सोसायटीच्या पंचवीस वर्षांपैकी २०२० सालाबद्दल लिहा, असं स्मरणिका समितीने सांगितलं. पण ते साल समजून घ्यायचं, तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम निघाला आणि परिणाम उलटाच झाला. लोक घरातलं आजारी माणूस लपवू लागले. आणलं जाई ते शेवटच्या घटकेला, त्यामुळे पुष्कळ जण दगावत. मग 'तिथे गेलेला परत येत नाही' ही समजूत आणखी घट्ट होई. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्लाच केला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडसाहेबाच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरांत झडतीला शिरले. अशा वेळी काखेतली गाठ कोण दाखवणार? त्याच पुण्यात यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एकच, पण एकीकडे धाक, दुसरीकडे माया.

२०२० मध्ये तोच १८९७चा कायदा पुन्हा लागू झाला. सोजीर नव्हते, पण गेटला पत्रे होते आणि व्हॉट्सअॅपवर पहिला प्रश्न 'कोणता फ्लॅट?' हा होता. देशातल्या १८७ रुग्णालयांच्या पाहणीत, त्या टाळेबंदीच्या काळात हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी भरती झाले. झटके काही एवढे थांबले नसणार. माणसं घरात थांबली.

आपल्याकडचे एक सभासद असेच थांबले. रात्रभर छातीत दुखत होतं, तरी 'अॅसिडिटी आहे' म्हणत सोडा पीत बसले. सकाळी नेलं. वाचले, पण हृदय कायमचं अधू झालं. नंतर मला म्हणाले, "साहेब, मरणाची भीती नव्हती हो. टेस्ट पॉझिटिव्ह आली असती तर माझ्यामुळे अख्खी बिल्डिंग सील झाली असती. आणि हिला भेटूही दिलं नसतं."

शिकलेला माणूस, लक्षणं त्यांना कळत नव्हती थोडीच! बँकेत मी हेच पाहिलं. हप्ता थकलेला कर्जदार जप्तीच्या भीतीने शाखेची पायरी टाळतो. वेळेत आला तर मार्ग निघतो, पण त्याला यायला धीर आपणच द्यायचा असतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात एक सुचवतो. १०८ क्रमांक प्रत्येक लिफ्टमध्ये लावू. रात्री गाडी काढायला तयार असणाऱ्यांची यादी वॉचमनकडे ठेवू. आणि पुन्हा साथ आलीच, तर ग्रुपवरचा पहिला प्रश्न 'कोणता फ्लॅट?' हाच असू दे, पण पुढे 'डबा किती वाजता पाठवू?' हे विचारायला विसरू नये.