जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं काय करायचं?

इंग्लंडमधल्या 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकाच्या डिसेंबर १९७५ च्या अंकात पीटर वॉकर या गृहस्थांचा एक लेख आला होता. वॉकर हे प्राध्यापक नव्हेत, कारखानदार. १९३६ साली त्यांनी लंडनमध्ये एक छोटी कंपनी काढली. युद्धात बाँब पडून जागा गेली, तेव्हा १९४१ मध्ये बिऱ्हाड हंटिंग्डन या लहानशा गावी हलवलं. पुढे तिथूनच 'क्वॉड' या नावाने त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर जगभर गेले. या लेखात त्यांनी आपल्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरमागची युक्ती सर्वांसमोर उलगडून ठेवली होती. तो अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे क्वॉड ४०५, दर चॅनेलला १०० वॅटचा.

आता इतक्या वर्षांनी त्या लेखाची आठवण काढायचं कारण असं की, एक ४०५ आमच्या घरात आहे. माझे मामा इंग्लंडमधली नोकरी संपवून १९८१ साली परत आले तेव्हा सामानातून तो घेऊन आले. मामांनी आता ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांची सकाळ अजूनही कुमार गंधर्वांशिवाय सुरू होत नाही. गेले काही महिने अ‍ॅम्प्लिफायर तापला की डावा चॅनेल क्षीण होतो, आणि दोन्ही स्पीकरमधून बारीक हम येतो. दुकानदार म्हणतो, "भंगारात द्या, एवढ्याशा डबीत याच्याइतके वॅट मिळतात." भाचा म्हणतो, "आतलं सगळं काढून नवे पार्ट टाकू, मग बघ काय वाजतो." मामांचं म्हणणं एवढंच, की आवाज होता तसा हवा.

दुरुस्ती, बदल की नवीन? वरवर पाहिलं तर हा फक्त पैशांचा हिशेब वाटतो. पण अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास वाचायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. या तिन्ही रस्त्यांचा आपापला इतिहास आहे, आणि यंत्र बनवणाऱ्याने त्यातला कुठला रस्ता उघडा ठेवला आहे हे आधी बघावं लागतं.

'बदल' या रस्त्यापासून सुरुवात करू. हौशी मंडळींचा तो सगळ्यात लाडका. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत याच 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनिअरने आपल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट छापलं. केटी ६६ जातीचे व्हॉल्व्ह, ताकद १५ वॅट, आणि विकृती एक दशांश टक्क्याहून कमी! त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. सर्किट छापील असल्याने ज्याला सोल्डरिंग येतं त्याने ते घरी बनवलं. इंग्लंडमध्ये बनवलं, अमेरिकेत बनवलं, ऑस्ट्रेलियात बनवलं. आणि बनवता बनवता लोक त्यात फेरफारही करू लागले.

त्यातला सगळ्यात गाजलेला फेरफार अमेरिकेतल्या डेव्हिड हाफलर आणि हर्बर्ट केरोझ यांचा. १९५१ साली त्यांनी 'अल्ट्रा-लिनिअर' नावाची जोडणी मांडली आणि पुढच्याच वर्षी ती विल्यमसनच्या सर्किटला लावून दाखवली. ताकद बरीच वाढली, आणि आवाजाची प्रत मात्र टिकली. पण ते जमलं कशामुळे? त्यांनी एखादा सुटा भाग काढून त्याच्या जागी महागडा भाग बसवला नव्हता. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच वेगळा गुंडाळून घेतला, त्याच्या वेटोळ्यातून नेमक्या जागी तारा बाहेर काढल्या आणि त्यानुसार बाकीचा हिशेब नव्याने मांडला. म्हणजे आधी मूळ विचार समजून घेतला आणि मग पुढचा विचार केला.

आता हे ४०५ ला लावून पाहू. त्यासाठी वॉकर यांची युक्ती थोडी समजून घ्यावी लागेल. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.) साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना मध्ये बारीकसा धक्का बसतो, आणि कानाला तो खरखरीसारखा लागतो. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे दोघांनाही सतत थोडं जागं ठेवायचं. पण हे 'थोडं' म्हणजे नेमकं किती, ते प्रीसेट फिरवून जुळवावं लागतं, आणि उष्णतेने व वयाने ते सरकतं. वॉकर यांनी काम वाटून दिलं. एक छोटा पण अत्यंत नेमका अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याच्या जोडीला दोन दांडगे ट्रान्झिस्टर, नुसते करंट ओतणारे. लग्नघरात हिशेबाची वही एकाच्या हातात आणि पोती उचलायला दोन हमाल, तसं. हमालांच्या हातून जे कमीजास्त होईल ते वहीवाला त्याच क्षणी भरून काढतो. म्हणून हमालांना जागं ठेवायची गरज नाही, आणि फिरवायला प्रीसेटही नाही. याला 'करंट डंपिंग' म्हणतात. १९७८ साली या कल्पनेसाठी कंपनीला इंग्लंडच्या राणीच्या नावाचा तंत्रज्ञानाचा पुरस्कार मिळाला.

हा सगळा तोल चार सुट्या भागांवर उभा आहे. ४७ ओहमचा एक रेझिस्टर, ५०० ओहमचा दुसरा, १२० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर आणि ३ मायक्रोहेन्रीचं एक तारेचं वेटोळं. पहिल्या तिघांचा गुणाकार करून पाहा, २.८२ मायक्रोहेन्री येतं, म्हणजे जवळपास चौथ्याइतकंच. हा योगायोग नाही, तीच तोलाची अट आहे! चौघांची मिळून किंमत वडापावाच्या गाडीवर मोडता येईल एवढी. पण 'अपग्रेड' म्हणून कुणी त्यातला एक जरी वेगळ्या किमतीचा बसवला, तर वहीवाल्याचा हिशेब चुकतो आणि वॉकर यांची कल्पनाच निकामी होते. अ‍ॅम्प्लिफायर मग वाजत राहतो, पण तो ४०५ राहत नाही.

भाच्याचा दुसरा आवडता विषय म्हणजे आतला आयसी. सुरुवातीच्या ४०५ मध्ये एलएम ३०१ नावाचा आयसी होता. १९८२ साली कंपनीने सुधारित ४०५-२ काढला, त्यात टीएल ०७१ आला. म्हणजे बदल खुद्द कंपनीनेही केला. मग आपण का करू नये? करावा, पण कंपनीने तो कसा केला हे बघून. एलएम ३०१ ला स्थिर ठेवायला बाहेरून एक छोटा कंडेन्सर लागतो, टीएल ०७१ ला लागत नाही. नुसता एक आयसी उपटून दुसरा खोचणं हे दिसतं तितकं सरळ काम नाही. भलताच वेगवान आयसी लावला तर अ‍ॅम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःशीच गुणगुणत बसतो, आणि तापतो.

बरं, एवढं करून फरक तरी किती ऐकू येतो? १९७८ साली जेम्स मॉइर यांनी क्वॉडच्याच तीन पिढ्या शेजारी ठेवून श्रोत्यांची परीक्षा घेतली. १९५३ चा व्हॉल्व्हवाला क्वॉड टू, १९६७ चा ट्रान्झिस्टरवाला ३०३, आणि ४०५. कुठला वाजतोय हे श्रोत्यांना सांगितलेलं नव्हतं. निष्कर्ष असा निघाला की, अंदाजाने ठोकून द्यावं त्यापेक्षा वेगळं काही त्यांना सांगता आलं नाही. नीट चालणारा चांगला अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या नीट चालणाऱ्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरसारखाच वाजतो, यातला जोर 'नीट चालणारा' या शब्दांवर आहे. मामांना 'होता तसा' आवाज हवा असेल तर आवाज सुधारायची गरज नाही. जे बिघडलंय ते शोधायला हवं.

म्हणजे आलो 'दुरुस्ती'वर. हा रस्ता आपल्याकडच्या लोकांना शिकवावा लागत नाही. परदेशी माल आणायचा तर परवाना लागायचा, किंवा भरमसाट ड्यूटी भरावी लागायची. त्यामुळे वस्तू टाकून देणं ही चैन होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. १९६९ पासून दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघू लागलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही हौशी लोकांची तीर्थक्षेत्रं झाली. १९९१ नंतर माल मुबलक आला आणि पार्ट शोधून दुरुस्त करणाऱ्यांची जागा हळूहळू आख्खा बोर्ड बदलणाऱ्यांनी घेतली. त्यांना तरी दोष कसा द्यावा? नव्या बोर्डावर मुगाच्या दाण्याहून लहान पार्ट असतात आणि सर्किट कुणी देतच नाही.

४०५ चं तसं नाही. त्याचं संपूर्ण सर्किट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे आणि पार्ट बोटांनी धरता येतील एवढे आहेत. त्यात म्हातारं होतं ते मुख्यतः एकच, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या गुंडाळीत द्रव असतो आणि तो बुडाच्या रबरी सीलमधून वर्षानुवर्षं उडत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या डब्याने पुण्याचे चाळीसेक उन्हाळे काढलेत, आता काय ते समजा! पॉवर सप्लायमध्ये १०,००० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कंडेन्सर आहेत. दोन्ही स्पीकरमधून येणाऱ्या हमचा पहिला संशय त्यांच्यावर. तापल्यावर एकच चॅनेल क्षीण होतो, म्हणजे त्या बोर्डावरचा एखादा छोटा कंडेन्सर किंवा ड्राय सोल्डर. (हे वाचून कुणी झाकण उघडणार असेल तर एक सांगतो. प्लग काढल्यावरही या मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका.)

एका बाबतीत मात्र दिरंगाई नको. ३०३ मध्ये स्पीकरच्या वाटेवर एक कंडेन्सर असायचा, तो डीसी अडवायचा. ४०५ मध्ये तसा नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ५० व्होल्टच्या आसपास डीसी सरळ स्पीकरवर जाऊ शकतो आणि स्पीकरची कॉइल जळते. तेव्हा 'चालतोय तोवर चालू दे' हा चौथा रस्ता इथे बंद आहे.

राहिला 'नवीन'. दुकानदाराची डबी खोटी नाही. आजचे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच लहान, थंड आणि वीज वाचवणारे आहेत. ४०५ चा ट्रान्सफॉर्मर जळला असता किंवा बोर्डाचे ट्रॅक उखडले असते, तर मी तिकडे वळलो असतो. (ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून देणारे अजून सापडतात म्हणा.) पण काही हजारांच्या डबीचा आयसी उडाला की तिची दुरुस्ती म्हणजे पुन्हा नवी डबी. ती घेताना आपण हे मान्य करून घेतो, एवढंच.

तर निर्णय असा. कंडेन्सर वयाने झिजणारच होते, ते त्याच किमतीचे पण १०५ अंशांचे, खात्रीच्या दुकानातून आणून बदलायचे. सोल्डर तपासायचं. तोलाच्या त्या चार भागांना मीटर लावायचा, हात लावायचा नाही. आयसी आहे तोच. बदल फक्त एका ठिकाणी, आणि तो दाराशी. ४०५ बनला तेव्हा सीडी जन्मली नव्हती. अर्ध्या व्होल्टच्या सिग्नलवर तो पूर्ण १०० वॅट देतो, आणि १९८२ नंतर आलेले सीडी प्लेअर २ व्होल्ट देतात. म्हणून मामांचा प्लेअर लावला की व्हॉल्यूम जरा फिरवताच घर दणाणतं. त्यासाठी बाहेरच्या केबलमध्ये दोन दोन रेझिस्टर घालून सिग्नल कमी करायचा. नको वाटलं तर केबल काढली की झालं.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस लागतील. सुमारे पंधरा दिवस.

काढलेले सगळे कंडेन्सर एका पाकिटात घालून ठेवणार आहे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवणार आहे. कुठला पार्ट, कुठल्या किमतीचा, कुठल्या तारखेला बदलला, ते त्यावर लिहिलेलं असेल. विल्यमसन आणि वॉकर यांनी आपलं डोकं छापून ठेवलं म्हणून हंटिंग्डनच्या यंत्राची दुरुस्ती पुण्यात बसून करता येते आहे. पुढच्या वेळी झाकण बहुधा भाचाच उघडेल. त्याला अंदाज करत बसायला लागू नये.