एकादशी, दुप्पट खाशी : एका म्हणीचा शरीरेतिहास

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण दांभिकाच्या पदरात टाकून मोकळे होतो. आम्हीही अनेक वर्षे वर्गात ती तशीच शिकवीत आलो. अलीकडे मात्र तिच्यात उपहासापेक्षा निरीक्षण अधिक आहे, असे वाटू लागले आहे. निमित्त घडले ते वर्गातलेच. लग्न ठरल्यावर दोन महिने काकडी आणि ताकावर राहिलेली आमची एक विद्यार्थिनी वर्षभराने भेटली. वजन पूर्वीपेक्षा वाढलेले होते. ती म्हणाली, “सर, माझ्यात निग्रहच नाही.” हा आरोप कुणी कुणावर करावा, याचाच इथे विचार करायचा आहे.

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, हे सर्वांना ठाऊक असते. १९०५ पर्यंत तो ‘बासीम’ या नावाने वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, हे फारसे कुणाला आठवत नाही. १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्के घट झाली होती, आणि तिचे कारण दुष्काळ. छप्पनचा दुष्काळ म्हणून सांगितला जातो तो १८९९–१९०० चा, आणि त्याच्या आधीचा १८९६–९७ चा. या मुलखातल्या आजच्या माणसांचे पूर्वज त्या आकड्यातून वाचलेले आहेत.

उपासमारीचे माप काढण्याचा सरकारी उद्योग त्याही आधीचा. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी (हेच गृहस्थ त्यापूर्वी नागपुरात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते) दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि किरकोळ रोकड पुरेशी ठरवली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. अर्धपोटी शरीर कसे जगते, हे मात्र कुणी मोजले नव्हते.

ते मोजले गेले १९४४–४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात. अँसेल कीज यांनी युद्धसेवा नाकारलेल्या ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज साधारण १,६०० कॅलरींवर ठेवले. (आजचे कित्येक ‘डाएट’ याहून कडक असतात!) त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. विश्रांतीत शरीर जाळते ती ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. नुसते वजन घटल्याने जेवढी घट व्हावी त्याहून ती अधिक होती. हातपाय गार पडत, नाडी मंदावे, आणि ही शिकलेली मुले तासन् तास पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर भूक महिनोन् महिने शमेना; चरबी आधी परतली, स्नायू मागून आले. ‘दुप्पट खाशी’चा याहून नेमका पुरावा आम्हाला माहीत नाही. या मुलांना दांभिक कोण म्हणेल?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन घटवण्याच्या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांना सहा वर्षांनी तपासले गेले. सरासरी ५८ किलो घटवलेल्यांपैकी ४१ किलो परत आले होते, तरी शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होते. इथे एक सावधगिरी हवी. ज्यांचा चयापचय अधिक मंदावला त्यांचेच वजन अधिक परतले, असे या अभ्यासात दिसले नाही. म्हणजे सारा दोष मंद चयापचयावर टाकणेही घाईचे होईल. वाढलेल्या भुकेचा वाटा मोठा आहे. चरबी घटली की लेप्टिन हे तृप्तीची वार्ता नेणारे संप्रेरक घटते, आणि मेंदू त्याला दुष्काळच समजतो. लग्नाची तारीख त्याला कळत नाही.

मधुमेहाने वा अन्य व्याधीने वजन उतरवणे ज्यांना भाग आहे, त्यांनी डॉक्टरांचे ऐकावे. आमचा रोख तिकडे नाही. आमचा रोख ‘निग्रह’ या शब्दाकडे आहे. संतवाङ्मय शिकविताना आपण तो मनाला लावतो आणि नकळत शरीराच्या हिशेबावरही चिकटवतो.

ती विद्यार्थिनी परत येईल तेव्हा बासीमचा तो आकडा तिला दाखवायचे आम्ही ठरवले आहे.