घर बघायला माणसं येणार

गेल्या वर्षी शहापुरातलं आमचं घर विकायला काढलं. घर तिघा भावांचं, मुलं पुण्याला आणि बेंगळुरूला. दर पावसाळ्यापूर्वी कौलं चाळायला माणूस शोधायचा, तो मिळायचा नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं. ओळखीतला एक मुलगा घरांचे व्यवहार करतो, त्याला बोलावलं. तो मोबाईलवर फोटो काढत सगळीकडे फिरला आणि मग खुर्चीवर बसून त्याने मला यादी सांगितली.

भिंतीवरचे फोटो उतरवा. देवघरावर पडदा टाका. मांडणीवरची पितळी भांडी पोत्यात भरा. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यावर रंग मारा. भिंतींना फिका पांढरा रंग द्या, दोन झाडं भाड्याने आणा, पिवळे दिवे लावा.

"काकू, बघणाऱ्याला त्याचं घर दिसाय पाहिजे, तुमचं नव्हे," तो म्हणाला.

त्याचं काही चुकत नव्हतं. मी वहीत लिहून घेत होते. मग तो जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, "आणि आजींना तेवढा तासभर शेजारी बसवता येतील काय? आजारी माणूस खोलीत दिसलं की गिऱ्हाईकाचं मन मागं येतं बघा."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. वय शहाऐंशी. आजारी नाहीत, पण गुडघ्यांमुळे दिवसभर सोप्याच्या कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत असतात. मी तेही लिहून घेतलं. आज ती वही उघडली की माझ्याच अक्षराची मला लाज वाटते.

घर दाखवण्यासाठी सजवायचं हे काही या मुलाचं डोकं नव्हे. अमेरिकेत सिअॅटलकडे बार्ब श्वार्झ नावाच्या, घरं विकणाऱ्या एका बाईंनी 1970 च्या दशकात ही रीत रुजवली. नाटकाच्या आधी रंगमंच मांडतात तसं विकायचं घर मांडायचं, म्हणून तिचं नावही 'स्टेजिंग' असंच पडलं. त्याच्याही आधी, 1908 मध्ये, लंडनच्या 'डेली मेल' या वर्तमानपत्राने 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. आपल्याकडे 1937 मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने त्याच नावाचं प्रदर्शन भरवलं. आता आपल्या टिळकवाडीतही नवी इमारत उभी राहिली की बिल्डर आधी 'सॅम्पल फ्लॅट' सजवतो. तिथला पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, आतल्या खोल्यांना दारं नसतात, समोरच्या भिंतीला आरसा असतो. खोली मोठी दिसते. आपण हुरळून जातो आणि घरी आल्यावर आपलं कपाट त्यात कुठे मावणार याचा हिशेब करत बसतो.

पण यादी हातात घेऊन मी घरभर फिरले तेव्हा वाटलं, आपल्या घरांना ही मांडामांड नवीन आहे का? मग मी घर खालून वर, बाहेरून आत नीट बघितलं. चाळीस वर्षांजवळ त्यात राहून कधी बघितलं नव्हतं तसं.

आपल्या गावातली सर्वांत जुनी सजावट बघायची तर किल्ल्यातल्या कमल बस्तीत जायला हवं. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 मध्ये ती बांधली. छतातून खाली उमललेलं ते दगडी कमळ बघताना मान दुखते, तरी नजर निघत नाही. ती बांधणाऱ्या काळातली राहती घरं मात्र आज कुठे दिसत नाहीत. बहुतेकांची माती-लाकडाचीच असणार. आपल्याकडे दागिना देवाच्या घराला, आपल्या घराला सारवण, अशी जुनी रीत. परिग्रहाच्या यादीत 'क्षेत्र' झालं की लगेच 'वास्तू' येते हे आपण पाठशाळेत घोकलेलं आहे. घराचाही मोह मोजून ठेवायचा असतो.

मोह वाढला तो सोप्यापासून. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, पुढे कॅम्प वसला. कॅम्पातले बंगले, तिथले व्हरांडे, वेताच्या आरामखुर्च्या गावातले व्यापारी बघत होते. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. हद्द वेगळी, पण नजर एकच. 1865 मध्ये बाझल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू ती लाल कौलं आपल्या गल्ल्यांवर चढली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती रंगीत होऊन भिंतीवर आल्या. आमच्या सोप्यात त्या होत्याच, शिवाय श्रवणबेळगोळचे बाहुबली, सम्मेदशिखरजीचा नकाशा आणि तीर्थंकरांच्या मातेची सोळा स्वप्नं. सगळ्या चौकटी भिंतीच्या वरच्या कडेला, पुढे झुकवून टांगलेल्या.

आमचं घर 1931 मध्ये आजेसासऱ्यांनी बांधलं. त्यांचा सुताचा व्यापार. सोप्यात त्यांनी मुंबईहून मागवलेल्या फुलांच्या नक्षीच्या सिमेंट फरश्या बसवल्या. पूर्वी असल्या फरश्या विलायतेहून यायच्या. 1922 मध्ये मुंबईत 'भारत' नावाची कंपनी निघाली आणि देशी फरशी मिळू लागली. आजेसासरे 1924 ची काँग्रेस बघितलेले. गांधीजी अध्यक्ष होते ती एकच काँग्रेस, आपल्या बेळगावची. त्यामुळे फरशी देशी आहे हे ते येणाऱ्याला आवर्जून सांगायचे म्हणे. आरामखुर्ची मात्र कॅम्पातल्या साहेबाची, लिलावात घेतलेली. सोप्यात स्वदेशीही दिसली पाहिजे आणि साहेबी ऐटही.

आता उंबरा ओलांडून आत या. माजघरात साधी शहाबादी. त्याच्या आत स्वयंपाकघर, आणि तिथे 1968 पर्यंत शेणाने सारवलेली जमीन. एकाच घरात पंधरा पावलांत तीन जमिनी. बाहेरचा माणूस जिथपर्यंत येतो तिथपर्यंत फुलं, जिथे बायकांचा दिवस जातो तिथे शेण.

विजेचंही तसंच. पहिला दिवा सोप्यात लागला. स्वयंपाकघरात दिवा मागितला तर सासऱ्यांचे वडील म्हणाले, "आपण अस्ताच्या आत जेवतो. आत दिवा कशाला?" जेवण अस्ताच्या आत होतं हे खरं. पण नंतरची भांडी, दुसऱ्या दिवशीची निवड-टिपण, विरजण, पहाटेचं पाणी गाळणं, हे सगळं कोण उजेडात करत होतं? आत्तींनी लग्नानंतर किती वर्षं चिमणीवर काढली ते त्या सांगतात. घराच्या धर्मात कसूर नव्हती, पण आत दिवा नको हे काही धर्मात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या काळातल्या फॅशनीही अशाच बाहेरून आत सरकत आल्या. लोखंडी पाइपाचा सोफा, सनमायकाची टेबलं, मोझॅक फरशी. काचेचं शोकेस आलं आणि त्यात कोणी कधी न प्यालेले चहाचे सेट बसले. 1987 मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा आमच्याकडे टीव्ही आला. त्याआधी सोप्यातल्या खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून असायच्या, त्या दिवसापासून त्या भिंतीकडे वळल्या आणि तशाच राहिल्या. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा मी आल्यानंतर झाला. बायका उभ्या राहिल्या, धूर गेला, उजेड आला. आपल्या घरांच्या शंभर वर्षांत खरा बदल कुठे झाला असं कोणी विचारलं तर मी त्या ओट्याकडे बोट दाखवीन. पण घराचे जुने फोटो काढून बघा, ओट्याचा एकही सापडणार नाही. सगळे सोप्यातले.

ठरल्या दिवशी गिऱ्हाईक येणार म्हणून मी सगळं यादीप्रमाणे केलं. फोटो उतरवले तर मागे भिंतीवर जुन्या रंगाचे चौकोन उरले होते, त्यावर पांढरा हात मारला. देवघराला पडदा लावला. आणि आत्तींचा हात धरून त्यांना शेजारी घेऊन निघाले. पायरीवर त्या थांबल्या.

"आमच्या वेळेला पण असंच होतं बघ," त्या म्हणाल्या. मला वाटलं घराबद्दल बोलतायत. त्या बोलत होत्या त्यांच्या लग्नाबद्दल. चिकोडीकडच्या त्यांच्या माहेरी पाहुणे बघायला येणार म्हणून शेजारून सतरंजी आणली, मामाच्या घरून चांदीचा तांब्या आणला, दारात मोठी रांगोळी घातली. घरात एक विधवा आत्या होती. लहानपणापासून आत्तींना तिनेच वाढवलेलं. तिला सकाळीच परड्यातल्या खोलीत बसवलं आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर येऊ नको म्हणून सांगितलं. "पोहे तिनंच केलेले," आत्ती म्हणाल्या. "पाहुण्यांनी वाखाणले. कुणी केले म्हणून विचारलं तर आईनं माझं नाव सांगितलं."

मी काही बोलले नाही. त्यांना शेजारी बसवून आले.

ती माणसं आली, बघून गेली. छान आहे म्हणाली. पुन्हा फोन आला नाही. एजंट मुलगा म्हणाला, अजून थोडं फर्निचर कमी करू. मी म्हटलं, नको. भाड्याची झाडं परत पाठवली. देवघराचा पडदा काढला. घर झाडून-पुसून लख्ख ठेवायचं, कौलं चाळायची, दिवे नीट लावायचे हे सगळं पटण्यासारखं होतं, ते ठेवलं. पण आत्ती आपल्या खुर्चीतच बसतील हे त्याला सांगून टाकलं. "बघा बाई," तो म्हणाला.

पुढे महिन्याभराने एक जोडपं आलं. मुलगा बांधकामाकडे बघत होता, भिंती ठोकत होता. मुलगी सरळ आत्तींजवळ स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आजी, उन्हाळ्यात पाणी पुरतं का हो?"

"एप्रिलला आडाचं पाणी खाली जातं," आत्ती म्हणाल्या. "मे महिना जपून काढावा लागतो. आणि ती उत्तरेची भिंत आहे ना, तिला ओल येते. ह्यांनी रंग मारलाय, पावसाळ्यात कळंल."

एजंटाने कपाळाला हात लावला. मलाही क्षणभर घाम फुटला, खोटं कशाला सांगू. पण ती मुलगी उठली नाही. चूल कुठे होती, लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवता, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, देव कुठे बसवले आहेत, असं विचारत राहिली. ती आमच्यातली नव्हती. तरी देवघरासमोर चपला नसूनही पाय पुसून उभी राहिली.

घर त्यांनीच घेतलं. उत्तरेच्या भिंतीसाठी पैसे कमी केले, ते रास्तच होतं. दोघा दिरांपैकी एक अजून म्हणतो की आईला त्या दिवशी शेजारी पाठवायला हवं होतं. व्यवहाराच्या हिशेबाने त्याचं बरोबर असेल.

मैत्रिणींनो, नवं घर सजवा, हौस करा, त्यात काही वाईट नाही. मी स्वतः टिळकवाडीतल्या फ्लॅटसाठी तीन दुकानं फिरून पडदे आणले आहेत. एवढंच करा, पाहुणे येणार म्हणून खोली आवरताना वस्तूंबरोबर एखादं माणूस आत ढकललं जात नाही ना, ते बघा. आपल्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत ते झालं. सोप्यातल्या फरशीची फुलं आपल्याला आठवतात, त्यांची चिमणी आठवत नाही.

साहेबाची आरामखुर्ची आम्ही सोबत आणली. फ्लॅटच्या रंगसंगतीत ती अजिबात बसत नाही असं सून म्हणते. ती हॉलमध्ये, दाराच्या अगदी समोर आहे. बेल वाजली की आत जाणाऱ्याला पहिल्यांदा आत्ती दिसतात.