व्हिएन्नातील एक प्रबंध आणि भूगोलाला मिळालेले शब्द

१/ चुनखडीच्या प्रदेशांविषयी वाचताना ‘कार्स्ट’, ‘डोलाइन’, ‘पोल्ये’ हे शब्द हमखास भेटतात. त्यांचे मूळ ग्रीक वा लॅटिन नाही. ते बाल्कन व त्याच्या परिसरातील लोकबोलींत आहे. त्यांना शास्त्रात पक्के स्थान मिळवून देण्यात १८९३ मधील एका डॉक्टरेटच्या प्रबंधाचा वाटा फार मोठा आहे. ही त्याचीच कथा.

२/ योव्हान त्स्वियिच यांचा जन्म १८६५ साली सर्बियातील लोझनित्सा येथे झाला. बेलग्रेडच्या ‘वेलिका श्कोला’ या उच्च विद्यालयातून ते १८८८ मध्ये पदवीधर झाले. या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो थेट १९०५ मध्ये. तोवर डॉक्टरेटसाठी देशाबाहेर जाणे भाग होते.

३/ १८८९ मध्ये ते सरकारी शिष्यवृत्तीवर व्हिएन्नाला, म्हणजे शेजारच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या राजधानीत दाखल झाले. तेथे प्राकृतिक भूगोलाचे आल्ब्रेश्ट पेंक, भूविज्ञानाचे एडुआर्ड ज्यूस आणि हवामानशास्त्राचे यूलिउस हान असे गुरू त्यांना लाभले.

४/ आजच्या स्लोव्हेनिया-इटली सीमेवरील एका पठाराला स्थानिक लोक ‘क्रास’ म्हणतात; त्याचेच जर्मन रूप ‘कार्स्ट’. येथे पाऊस भरपूर पडतो, पण पाणी खडकात गडप होते. जमिनीवर जागोजागी खोलगट खड्डे दिसतात. ते गुहांची छते कोसळून झाले, की पाण्याने वरून खडक विरघळल्यामुळे? अभ्यासकांत मतभेद होते.

५/ त्स्वियिच यांनी आकारांवरून या खड्ड्यांचे वर्गीकरण केले : वाटीसारखे, नरसाळ्यासारखे, विहिरीसारखे. कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी भेगांत मुरते आणि चुनखडी विरघळवते. बहुतेक खड्डे असेच घडले, कोसळून झालेले थोडे, हा त्यांचा निष्कर्ष.

६/ ‘पोल्ये’ म्हणजे मूळ बोलीत शेत किंवा मैदान. ‘दोलिना’ म्हणजे साधी दरी. शास्त्राने या शब्दांना नेमका अर्थ दिला. निरनिराळ्या देशांतील भूरूपांची तुलना करून त्स्वियिच यांनी दाखवले की ही एका पठाराची विचित्रता नव्हे, निसर्गाची सर्वत्र चालणारी प्रक्रिया आहे. एका गावशिवाराचे नाव असे सामान्यनाम झाले.

७/ १८९३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते बेलग्रेडला प्राध्यापक झाले. पुढे बाल्कनमधील पर्वतांवर त्यांनी प्राचीन हिमनद्यांच्या खुणा शोधल्या. मग त्यांचे लक्ष खडकांवरून माणसांकडे, त्यांच्या वस्त्यांकडे व स्थलांतरांकडे वळले.

८/ १९१४ मध्ये ज्या साम्राज्याच्या राजधानीत ते शिकले, त्यानेच सर्बियावर युद्ध पुकारले. १९१५ मध्ये देश शत्रूच्या ताब्यात गेला. त्स्वियिच यांनी पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये व्याख्याने दिली. १९१८ मध्ये बाल्कन द्वीपकल्पावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रकाशित झाला.

९/ १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत नव्या सीमा आखल्या जात असताना ते आपल्या देशाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उपस्थित होते. साम्राज्य तोवर कोसळले होते. मात्र त्यांचे वांशिक नकाशे वादग्रस्त ठरले. मॅसेडोनियातील स्लाव्ह लोकांना पक्की राष्ट्रीय जाणीव नाही, हे त्यांचे मत बल्गेरियन अभ्यासकांना मुळीच मान्य नव्हते.

१०/ म्हणून त्स्वियिच यांचा वारसा दोन भागांत वाचावा लागतो. चुनखडीविषयीचा त्यांचा निष्कर्ष कोणत्याही देशाचा अभ्यासक खडकावर जाऊन तपासू शकतो. माणसांच्या ओळखीचा नकाशा पाहताना मात्र तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी काढला, हे आधी विचारावे लागते.