कीर्द, संगणक आणि लाल रेघ

मागच्या महिन्यात आमच्या शिक्षक पतसंस्थेचं माझं खातं मोबाईलवर दिसायला लागलं. सुनेने ते उघडून दिलं. "बाबा, आता सगळं ऑनलाइन झालं, संस्थेत चकरा मारायची गरज नाही," म्हणाली. शेअर्स, ठेव, लाभांश, सगळे आकडे बरोबर होते. पण माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते आमच्या शाळेतले एक शिपाईकाका. त्यांची गोष्ट सांगायची तर आधी हिशेबाच्या वह्यांची गोष्ट सांगावी लागेल. मंडळी, थोडा धीर धरा. इतिहासाच्या मास्तरला मागून सुरुवात केल्याशिवाय जमत नाही.

मी संस्थेचा मानद सचिव झालो १९८८ साली. तेव्हा सगळं हातानेच होतं. रोज संध्याकाळी कीर्द लिहायची, डावीकडे जमा, उजवीकडे नावे आणि खाली अखेरची शिल्लक. कीर्दीवरून खतावणी, महिनाअखेरीस तेरीज आणि ३१ मार्चला ताळेबंद. तेरजेच्या दोन बाजू सत्तर पैशांनी जुळल्या नाहीत म्हणून आम्ही रात्री अकरापर्यंत बसलेलो आहोत. आमच्या म्हाताऱ्या हिशेबनीसांचा एक दंडक होता. खोडायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर लाल शाईची एक रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. ते म्हणायचे, "चूक लपवली की ती चोरी होते."

आमचा जिल्हा तसा हिशेबाच्या बाबतीत कडक माणसाचा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. आत्मकथेत त्यांनी लिहिलं आहे की १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हापासून तिचा पै-पैचा हिशेब ठेवला होता आणि त्या वर्षीच्या वह्या अजूनही सापडतील. लोकांचा पैसा हातात घेतला की लोकांना दाखवता येईल असा हिशेब हवा, एवढीच त्यातली शिकवण. आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातही कलम ३२ आहे. संस्थेच्या वह्यांमध्ये आपल्या व्यवहाराच्या ज्या नोंदी असतील त्या कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला त्याने दिला आहे.

मग संगणक आला. बंगळूरला १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी आपल्या धंद्याच्या हिशेबाच्या गरजेतून एक प्रोग्राम तयार केला. तोच पुढे टॅली म्हणून देशभर पसरला. खात्यांचे सांकेतिक क्रमांक पाठ न करता नावाने नोंद करता येते, हे दुकानदारांना फार आवडलं. हिंगणघाट-वर्ध्याच्या अडत्यांकडे मुनीमजींच्या गादीशेजारी संगणक दिसू लागला. आमच्या संस्थेने मात्र २००२ साली एका ओळखीच्या माणसाकडून स्वतंत्र प्रोग्राम करून घेतला. कार्यालयात एक संगणक, त्यावर पिवळं कापड आणि सगळा हिशेब त्या एका डब्यात. कीर्द लिहिणं बंद झालं. सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता.

आता शिपाईकाका. त्यांच्या पगारातून कर्जाचा हप्ता दरमहा कापला जात होता. पण संगणकात खाती चढवताना आम्ही चूक केली. त्याच नावाचे दुसरे एक सभासद होते, त्यांच्या खात्यावर काकांचे हप्ते जमा होत राहिले. चौदा महिने! काका कागदोपत्री थकबाकीदार झाले. ते विचारायला तीनदा आले. एकदा भारनियमन होतं, एकदा ऑपरेटर रजेवर. तिसऱ्यांदा मी प्रिंट काढून दाखवली आणि म्हणालो, "काका, संगणक चुकत नाही." शिकलेल्या माणसाने असं बोलावं! थकबाकी दिसत असल्याने त्यांना मुलीच्या लग्नासाठी नवं कर्ज मिळालं नाही. त्यांनी सावकाराकडून पैसे उचलले.

पुढे शाळेची पगार-कपातीची यादी आणि त्यांचं पासबुक समोर ठेवून मी स्वतः ताळा केला, तेव्हा चूक सापडली. ऑपरेटरने दहा मिनिटांत आकडे दुरुस्त केले. खातं स्वच्छ झालं. काकांनी नवी प्रिंट हातात घेतली, उलटून पाहिली आणि विचारलं, "गुरुजी, चूक माही नव्हती, हे कोठी लिहून हाये का?"

कुठेच नव्हतं. जुना आकडा पुसला गेला होता. कीर्द असती तर लाल रेघ राहिली असती, माझी सही राहिली असती.

असो. पुढे काळ बदलला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विवरणपत्रं पोर्टलवर भरावी लागल्याने गावातल्या दुकानाच्या हिशेबालाही इंटरनेट लागू लागलं. ग्रामपंचायतींसाठी २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज सुरू झालं. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. तिथेही हिशेब क्लाउडवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, ठेवायचं ठरलं. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून नियमच झाला की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. हे वाचलं तेव्हा मला आमचे हिशेबनीस आठवले. त्यांची लाल रेघ सरकारने कायद्यात आणली! पतसंस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, हे मात्र खरं.

कार्यालयातला संगणक बरा की ऑनलाइन, असं भाचा विचारत होता. कार्यालयातला हिशेब आपल्या ताब्यात असतो, पण कुलूप आणि वीज दुसऱ्याच्या हातात. ऑनलाइन हिशेब घरबसल्या दिसतो, पण पावसाळ्यात इंटरनेट गेलं की तोही आंधळा, आणि वर्गणी थांबली तर वह्या कोणाच्या, हा प्रश्न उरतोच. म्हणून मी त्याला म्हटलं, जागा कुठलीही असू दे, दोन गोष्टी विचार. माझं पान मला केव्हाही दिसेल का? आणि त्यावर कोणी काही बदललं तर तेही दिसेल का?

काकांच्या प्रश्नानंतर त्याच आठवड्यात मी इतिवृत्ताच्या वहीत हाताने लिहिलं होतं की चूक संस्थेची होती, सभासदाची नव्हे. खाली सही केली. सावकाराचं व्याज मात्र आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही.

परवा संस्थेत फोन केला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीची नोंद राहते, पण ती फक्त कर्मचाऱ्यांना दिसते, असं कळलं. सभासदालाही त्याच्या खात्यातली दुरुस्ती दिसावी, असा अर्ज काल टाकून आलो. सून म्हणाली होती चकरा मारायची गरज नाही. ही एक मारावी लागली.