हुद्दा नसलेली शिक्षणाधिकारी : जीन्स शिक्षिकांचा आठवडा आणि लोकवर्गणीचा हिशोब

जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत गळते, शौचालयाला दार नाही, दोन वर्गांना मिळून एक शिक्षक आहे. या सगळ्यावर हल्ली एकच औषध सांगितले जाते, ते म्हणजे लोकसहभाग. गावाने वर्गणी काढावी, शिक्षकांनी दाते शोधावेत, माजी विद्यार्थ्यांनी रंग द्यावा. मग फोटो काढून 'आदर्श शाळा' असे बॅनर लावायचे. आपल्या चळवळीतलेही अनेकजण याला मान डोलावतात, कारण 'आमची शाळा आम्ही उभारू' हे वाक्य स्वाभिमानाचे वाटते. ते स्वाभिमानाचे आहेच. पण हाच मार्ग एका समाजाने आपल्या कितीतरी आधी, तब्बल साठ वर्षे चालून पाहिला आहे. त्याला त्यातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे आंबेडकरी तरुणांनी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतल्या कृष्णवर्णीय शाळा आणि त्या सांभाळणाऱ्या 'जीन्स शिक्षिका' यांचा हा इतिहास आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या मुक्तीनंतर पुढे काय झाले, याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. काही वर्षे कृष्णवर्णीयांना मत मिळाले, ते निवडूनही आले. नंतर गोऱ्या सत्तेने ते मत एकेका राज्यात हिरावून घेतले. व्हर्जिनियात हे १९०२ च्या राज्यघटनेने झाले. मतासाठी कर भरा, परीक्षा द्या, अशा अटी घातल्या गेल्या. मत गेले आणि त्याबरोबर शाळा मंडळावरचा धाकही गेला. दरम्यान १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्का मारला होता. त्यातले 'वेगळे' काटेकोरपणे पाळले गेले, 'समान' कागदावरच राहिले. कर सगळ्यांकडून घेतला जाई, पण विटांच्या इमारती गोऱ्या मुलांना मिळत. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला फळ्या ठोकून केलेली एका खोलीची शाळा आणि कापूस वेचणीच्या हंगामाभोवती आखलेले अपुरे वर्ष येई.

अशा काळात, १९०७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स या क्वेकर पंथाच्या श्रीमंत वृद्धेने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी १० लाख डॉलर दिले. त्याच वर्षी त्या वारल्या. निधीचा कारभार जेम्स डिलार्ड यांच्याकडे आला. पैसा कसा वापरायचा हे अजून ठरायचे होते. त्याचे उत्तर व्हर्जिनियातल्या हेन्रायको काउंटीतील एका शिक्षिकेच्या कामातून मिळाले.

व्हर्जिनिया एस्टेल रँडॉल्फ या रिचमंडमध्ये जन्मल्या. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून आलेले होते. १८९२ पासून त्या हेन्रायकोतल्या माउंटन रोड शाळेत शिकवत होत्या. शाळेचे अंगण त्यांनीच ठीकठाक केले, भिंतींना चुना लावला, रविवारी चर्चमध्ये जाऊन पालकांना गोळा केले. काउंटीचे गोरे शिक्षण अधीक्षक जॅक्सन डेव्हिस यांनी हे पाहिले आणि निधीकडे त्यांच्या पगाराची मागणी केली. २६ ऑक्टोबर १९०८ रोजी रँडॉल्फ पहिल्या जीन्स पर्यवेक्षक शिक्षिका झाल्या. त्यांच्याकडे २३ शाळा आल्या. वर्षअखेरीस त्यांनी लिहिलेल्या अहवालाच्या हजार प्रती डेव्हिस यांनी छापून दक्षिणेतल्या काउंट्यांना पाठवल्या आणि हा प्रयोग पसरला.

या पदाच्या नावात 'औद्योगिक' हा शब्द होता. तो महत्त्वाचा आहे. शिवण, स्वयंपाक, टोपल्या, चटया, सुतारकाम यांवर भर होता. रँडॉल्फ यांच्याच गावात काही पालक यावरून चिडले. मुले पुस्तक शिकायला येतात, धुणीभांडी शिकायला नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे पालक फार जवळचे वाटतात. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या औद्योगिक शिक्षणाच्या धोरणावर हाच आक्षेप घेतला होता : मालकाला हवा तेवढाच माणूस घडवणारे शिक्षण हे मुक्तीचे शिक्षण नव्हे. आपल्याकडे १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा पेरियारांच्या चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे जातीच्या धंद्याचे शिक्षण, म्हणत विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. देणगी देणारा हात कितीही दयाळू असला, तरी अभ्यासक्रम कोण ठरवतो हा प्रश्न उरतोच.

पण जीन्स शिक्षिका त्या चौकटीत थांबल्या नाहीत. समोर जे काम पडले असेल ते आधी करायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्या कामाच्या नोंदी वाचल्या की त्यांचा आठवडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

सोमवार ते गुरुवार शाळाभेटी. रँडॉल्फ सुरुवातीला पायी जात, पुढे भाड्याची घोडागाडी करत. पावसात मातीचे रस्ते बुजून जात. शाळा एकखोली, शिक्षिका एकच आणि तिच्यासमोर सगळे वर्ग एकत्र. पर्यवेक्षिका तिथे जाऊन शेरेबुकात सही करून परतत नसे. ती खडू हातात घेऊन धडा घेऊन दाखवी, लहान मुलांना कसे गुंतवायचे आणि त्याच वेळी मोठ्यांना गणित कसे द्यायचे हे शिकवी. शेगडी पेटते का, पाणी कुठून येते, संडास आहे का, खिडकीला काच आहे का, हे पाही. कोणते मूल आठवडाभर आले नाही हे विचारून त्याच्या घरी जाई. घरी आजारी माणूस असे, तेव्हा तिची शाळाभेट आरोग्यभेट होऊन जाई. आपल्याकडच्या आशा ताई आणि अंगणवाडी सेविकांना हे वेगळे सांगायला नको.

संध्याकाळी पालकांची सभा, बहुतेक वेळा चर्चमध्येच, कारण समाजाच्या मालकीची तेवढीच एक जागा होती. तिथे शाळासुधार मंडळ स्थापन व्हायचे. एक घर लाकूड देई, दुसरे मजुरी, कुणी जमिनीचा तुकडा. बायका जेवणाचे डबे लिलावात विकून पैसे उभे करत. या पैशांतून काचा, बाके आणि कित्येकदा शाळेचा एखादा वाढीव महिना विकत घेतला जाई. हो, महिना विकत घेतला जाई. सरकारी पैसा संपला की शाळा बंद होणार असे. मग पुढच्या महिन्याचा शिक्षिकेचा पगार पालक भरत.

शनिवारी काउंटीभरातल्या शिक्षिकांची बैठक. यातल्या पुष्कळ जणी स्वतःच जेमतेम सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या होत्या. कारण कृष्णवर्णीयांसाठी ग्रामीण भागात माध्यमिक शाळाच जवळपास नव्हत्या. ही बैठक हेच त्यांचे अध्यापक विद्यालय. रविवारी पुन्हा चर्च. प्रवचन संपले की पर्यवेक्षिका उभी राहून शाळेचा हिशोब सांगे. आणि महिनाअखेरीस अहवाल : किती शाळा पाहिल्या, किती सभा घेतल्या, किती डॉलर गोळा झाले. रँडॉल्फ यांनी तर दूरच्या मुलांना स्वतःच्या घरात ठेवून घेतले. वसतिगृहाचे महत्त्व आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही.

याच बायकांच्या बळावर रोझेनवाल्ड शाळा उभ्या राहिल्या. उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा निधी अट घालत असे : आधी समाजाने पैसा उभा करावा, काउंटीने शाळा आपल्या व्यवस्थेत घ्यावी, मग आम्ही भर घालू. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा, शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा धरून ५,३५७ इमारती झाल्या. एकूण खर्च २ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेला. त्यात रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख आणि कृष्णवर्णीय समाजाने वर्गणीतून दिलेले ४७ लाख होते. दात्याचे नाव इमारतींना लागले, पण खंडकरी शेतकरी आणि घरकाम करणाऱ्या बायकांनी दात्यापेक्षा जास्त दिले होते. उरलेला मोठा भाग करातून आला, आणि तो करही हाच समाज भरत होता. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला 'दुहेरी कर' म्हटले आहे. शाळेचा कर एकदा सरकारला द्यायचा आणि सरकार शाळा देत नाही म्हणून दुसऱ्यांदा स्वतः भरायचा.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. जीन्स शिक्षिका शिक्षिकांना मार्गदर्शन करी, शाळा तपासे, पैसा उभा करी, बांधकामावर लक्ष ठेवी. अनेक काउंट्यांत गोरे अधीक्षक कृष्णवर्णीय शाळांत फिरकतही नसत. म्हणजे प्रत्यक्षात त्या शाळांची शिक्षणाधिकारी तीच होती. पण हुद्दा, अंदाजपत्रकावरची सही आणि मंडळातले मत तिच्याकडे नव्हते. जॅक्सन डेव्हिस भले गृहस्थ असतील. रँडॉल्फ यांच्या कामाची कदर त्यांनीच केली. पण त्याच कामाच्या बळावर ते १९१० मध्ये राज्याच्या कृष्णवर्णीय ग्रामीण शाळांचे प्रतिनिधी झाले आणि पुढे न्यूयॉर्कच्या एका मोठ्या शिक्षण निधीत वरवर चढत गेले. रँडॉल्फ १९४९ मध्ये निवृत्त झाल्या, त्या हेन्रायकोतल्या पर्यवेक्षक म्हणूनच. सहानुभूती आणि प्रतिनिधित्व यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

आणि चाळीस वर्षांच्या लोकसहभागाने विषमता मिटली का? साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन काउंटीत १९४९-५० मध्ये एका गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होता आणि एका कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर. गोऱ्या मुलांसाठी ३० बस होत्या, यांच्यासाठी एकही नव्हती. पालकांनी आधी लोकवर्गणीचाच रस्ता धरला; जुनी बस विकत घेतली, ती सारखी बंद पडायची. मग जोसेफ डिलेन या पाद्री-शिक्षकाच्या पुढाकाराने ते कोर्टात गेले. ज्यांच्या नावाने खटला चालला त्या हॅरी ब्रिग्ज यांची नोकरी गेली, त्यांच्या पत्नीचीही गेली. डिलेन यांचे घर जाळले गेले. वर्गणी काढणाऱ्या कृष्णवर्णीयांचे कौतुक करणाऱ्या व्यवस्थेला हक्क मागणारे कृष्णवर्णीय सहन झाले नाहीत. हाच ब्रिग्ज खटला इतर खटल्यांबरोबर ब्राउन खटल्यात जोडला गेला आणि १७ मे १९५४ रोजी शाळांमधले विभाजन घटनाबाह्य ठरले.

पण या विजयाचे पुढचे पान कमी वाचले जाते. शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत ३८ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. १९६८ च्या सुमारास जीन्स पर्यवेक्षकांची पदेही संपली. पर्यवेक्षणाचा दीर्घ अनुभव असलेल्या या बायकांना एकत्रित शाळांमध्ये ते पद देण्याचा विचार फारसा कुणी केला नाही. मुले एकत्र बसली, खुर्च्या मात्र एकत्र झाल्या नाहीत. वेगळ्या शाळा राहायला हव्या होत्या असे मी अजिबात म्हणत नाही. पण समान शाळेच्या मागणीबरोबर पदांच्या वाट्याची मागणी तितक्याच जोरात नसेल तर काय होते, हे यातून दिसते.

रँडॉल्फ घोडागाडीने शाळा फिरत होत्या, त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली. बाबासाहेबांचे शिक्षणकार्य पाहिले तर त्यात दोन्ही अंगे दिसतात. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, ते समाजाचे काम होते. पण १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी सरकार शिक्षणावर किती खर्च करते आणि दारूच्या महसुलातून किती घेते याचा हिशोब मांडला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बसून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून ३ लाख रुपये मिळवले. वसतिगृह काढले म्हणून त्यांनी सरकारला मोकळे सोडले नाही.

आज महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. वाडी, तांडा, वस्ती यांवरच्या शाळा कोणाच्या मुलांच्या आहेत हे वेगळे सांगायला नको. विलीनीकरणात कोणाची शाळा बंद होते आणि कोणाची पदे जातात, हा प्रश्न अमेरिकेत उशिरा विचारला गेला.

आपल्या हातात निदान एक कायदेशीर जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. कलम २२ प्रमाणे समिती जो शाळा विकास आराखडा करते, तोच सरकारी अनुदानाचा आधार धरायचा आहे. माझ्या कामाच्या भागात अनेक वस्त्यांतल्या आयाबाया या समितीच्या सदस्य आहेत आणि कोऱ्या इतिवृत्तावर अंगठा किंवा सही करून घरी जातात. कार्यकर्त्यांनी शाळेच्या रंगकामासाठी वर्गणीची पावतीपुस्तके छापण्याआधी या आराखड्याची प्रत मागावी. छत, शौचालय आणि शिक्षकाचे रिकामे पद यांची त्यात लेखी नोंद करून घ्यावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयात पोच घ्यावी. वर्गणी त्यानंतरही काढता येईल.

जय भीम.